भिंत कुणाच्या डोळ्यांनी पाहावी?

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला, तेव्हा त्यांची सूचना अगदी स्पष्ट होती. "या वेळी मोतीबिंदू नको, काचबिंदू नको. डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांनाही आवडीने वाचता येईल असे काहीतरी लिहा." मी तत्काळ होकार दिला, कारण विषय माझ्यासमोर चार भिंतींच्या रूपाने उभाच होता. आमच्या घराला दिलेल्या रंगाची ही हकीगत आहे. तिच्यात शेवटी मोतीबिंदू आलाच, त्याबद्दल संपादकांची आधीच क्षमा मागते.

आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारामागील एका गल्लीत आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ते सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधले. भाजक्या विटा, चुन्याचा गिलावा आणि सागवानी चौकटी असे त्याचे स्वरूप. भिंती रंगवण्याची हौस आम्हा बडोदेकरांना नवी नाही. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात शिरले, की एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांनी भरलेल्या भिंती आजही पाहायला मिळतात. आमच्या घराची ऐपत तेवढी नव्हती. दरवर्षी दसऱ्याआधी चिमूटभर नीळ घातलेल्या चुन्याची सफेदी आणि खाली कंबरेइतका गडद हिरव्या तेलरंगाचा पट्टा, एवढाच आमचा थाट. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा तो पट्टा पाहून मला एखाद्या सरकारी इस्पितळात आल्यासारखे वाटले होते. पुढची पस्तीस वर्षे मी तो पट्टा जाण्याची वाट पाहत होते, असे म्हटले तरी चालेल.

ती संधी २०२५ च्या उन्हाळ्यात आली. चिरंजीवांचे लग्न ठरले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमध्ये, विश्वामित्रीला आलेल्या पुराने शहराची दैना केली होती. आमच्या उंबरठ्याशी येऊन पाणी परतले, तरी तळमजल्याच्या भिंतींना ओल धरून लोणा लागला होता. पोपडे सुटलेल्या भिंतींमध्ये नव्या सुनेचा गृहप्रवेश कसा करायचा? वर्षभराने भिंती सुकल्या आणि रंगकामाला मुहूर्त लाभला. चिरंजीव आणि त्यांची नियोजित वधू या दोघांनी एकमताने जो रंग सुचवला, त्याचे नाव 'सेज ग्रीन'.

नाव कुठून आले?

सेज ही भूमध्य सागराच्या परिसरातील एक सुगंधी वनस्पती. तिच्या पानांवर बारीक लव असते आणि त्यामुळे मुळातला हिरवा रंग राखाडी धुक्याआडून पाहावा तसा दिसतो. तिचे शास्त्रीय नाव साल्व्हिया ऑफिसिनालिस. 'साल्व्हिया' हा शब्द लॅटिन भाषेतील सुरक्षित असणे, बरे होणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे, तर 'ऑफिसिनालिस' म्हणजे औषधांच्या कोठीतली. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या घराला याहून समर्पक नाव कोणते असणार! आणखी एक गंमत अशी, की आपली तुळस, सब्जा, पुदिना ही सारी मंडळी सेजच्याच कुळातली आहेत.

रंगाच्या दुकानात मात्र या वनस्पतीचा काही संबंध नसतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या लेपात यंत्र हिरव्या रंगाचे थोडे, पिवळ्या मातकट रंगाचे थोडे आणि काळ्याचे किंचित थेंब सोडते, डबा गदगदा हलवते आणि पाच मिनिटांत हवी ती छटा हाती देते. काळ्याचा तो किंचित अंशच सेजचा प्राण होय. तो नसेल तर रंग पिस्तई होतो, वाढला तर शेवाळी.

आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे आई म्हणतो, त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. चिंतामणी, मोरपंखी, पोपटी, मेंदी, रामा असे साड्यांचे रंग त्यांनी जन्मभर नुसत्या नजरेने ओळखले. मी त्यांना शेड कार्ड दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि म्हणाल्या, "सारवणाचा रंग दिसतोय. कोकणात आजोळी जमीन अशीच असायची. द्या हवा तर, मला काय!" आम्ही सारे हसलो. नेत्ररोगतज्ज्ञ असलेली त्यांची सूनही हसली. हिरव्या रंगाची पट्टी या बाईंना मातकट का दिसते, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही.

डॉक्टरांचा जुना मित्र

घरातील काही मंडळींना हा रंग फिका आणि उदास वाटत होता. त्यांच्यापुढे मी हिरव्याची वकिली मोठ्या हिरिरीने केली. आपणा डॉक्टरांचे हिरव्याशी नाते जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रियागृहे पांढरीशुभ्र असत, कारण पांढरे म्हणजे स्वच्छ ही समजूत. पण प्रखर दिव्यांखाली त्या शुभ्रतेची तिरीप शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांवर येई. सॅन फ्रान्सिस्को येथील सेंट ल्यूक्स इस्पितळातील शल्यचिकित्सक हॅरी शेर्मन यांनी यावर उपाय शोधला. रक्ताच्या लाल रंगाला पूरक असा पालकाच्या पानासारखा हिरवा रंग त्यांनी शस्त्रक्रियागृहाला दिला आणि १९१४ साली त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. आज आपण अंगात घालतो त्या हिरव्या कपड्यांमागेही हाच विचार आहे.

यामागील कारण आपल्या नेत्रपटलात आहे. लाल रंगाकडे बराच वेळ पाहिले, की लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी थकतात. मग नजर पांढऱ्या भिंतीकडे वळवली, तर तिथे निळसर हिरवा आभास तरंगू लागतो. भिंतच हिरवट असेल तर तो आभास तिच्यात विरून जातो आणि डोळा पुन्हा लालमधील बारीक फरक टिपायला सिद्ध होतो. हिरव्याने मन शांत होते, रक्तदाब उतरतो वगैरे जे सांगितले जाते, त्याला इतका भक्कम आधार नाही. पण डोळ्यांना तिरीप न देणारा, सौम्य आणि आसपासच्या वस्तूंशी फारसा विरोध न करणारा रंग म्हणून सेजची शिफारस करायला मी तयार होते. "विरोध न करणारा" हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत. पुढे त्यांनीच घात केला.

हिरव्याचा इतिहास सगळाच सात्त्विक नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७५ साली तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक सुंदर हिरवा रंग बनवला. पुढच्या शतकात युरोप-अमेरिकेतील दिवाणखाने अशाच रंगांच्या भित्तिकागदांनी सजले आणि त्या खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडू लागली. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील डॉक्टर रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ साली अशा विषारी भित्तिकागदांचे नमुनेच एकत्र बांधून त्यांचे पुस्तक केले आणि त्याच्या शंभर प्रती राज्यातील ग्रंथालयांना पाठवल्या. 'मृत्यूच्या भिंतींच्या छाया' असे त्याचे नाव होते. पुस्तकच विषारी असल्यामुळे पुढे बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. आर्सेनिक गेले, तरी तेलरंगांत शिसे राहिले. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. म्हणजे आजचा नवा रंग त्या मानाने निर्धोक. पण जुना तेलरंग कोरडा खरवडताना उडणारी धूळ घरातील लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते. तो पाण्याने भिजवून, खोली बंद ठेवूनच काढावा.

रंगकाम

आमचे रंगारी गुजराती, वयाने साठीच्या घरातले आणि मितभाषी. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर हात फिरवून सांगितले, की चुन्याच्या जुन्या भिंतीला श्वास लागतो. तिच्यावर प्लॅस्टिक पेंटचे जाड आवरण घातले, तर आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि पोपड्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे वैद्यकीयदृष्ट्याही पटण्यासारखे होते. निचरा होऊ न देता जखम शिवली, तर काय होते ते आपण जाणतोच. त्यांच्या सल्ल्याने खालचा खराब गिलावा पाडून चुन्याचाच नवा केला, तो महिनाभर वाळू दिला, मग लांबी भरून, घासून, हवा खेळू देणाऱ्या रंगाचे दोन हात दिले.

येथपर्यंत सारे ठीक झाले. आईंच्या तळमजल्यावरील खोलीत मात्र मी एक हौस केली. भिंत, दार, चौकट आणि भिंतीच्या तळाची पट्टी या सर्वांना एकच रंग देण्याची पद्धत सध्या रूढ होत आहे. त्यामुळे खोली मोठी आणि सलग दिसते. मी तेच करायला सांगितले. रंगारी थबकले. "बेन, बारणुंय आ ज कलर?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. ते क्षणभर सागवानी चौकटीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी कुंचला बुडवला. कंबरेइतका तो जुना गडद पट्टा त्याच दिवशी नाहीसा झाला.

लग्नाला आलेल्या प्रत्येकाने त्या खोलीचे कौतुक केले. एका पाहुण्यांनी तर दाराशी उभे राहून, "आईंचे स्नानगृह कुठे आहे?" असे विचारले. दार त्यांच्या शेजारीच होते. तेव्हाही आम्ही हसलो.

ती रात्र

गणपती येण्याला आठवडा उरला होता. पहाटे तीनच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघे धावत खाली गेलो. आई स्नानगृहाच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या आणि उजवे मनगट डाव्या हाताने धरून होत्या. मनगटाचा आकार पाहताच निदान झाले. अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णन केलेला तोच अस्थिभंग. खुब्याचे हाड वाचले, हे दैव. या वयात ते मोडले असते, तर मी हा लेख कदाचित लिहीत नसते.

पहाटे प्लास्टर घालून परतताना मी विचारले, "आई, चक्कर आली का? पाय घसरला का?"

त्या म्हणाल्या, "छे गं. दार जिथे असायचं, तिथे भिंतच होती. मी चाचपत पुढे गेले, तर भिंत आत सरकली."

दार नुसते लोटलेले होते. त्याला भिंत समजून त्यांनी त्याच्यावर भार दिला होता. हे वाक्य त्यांनी कोणताही आरोप न करता, सहज सांगितले. मला मात्र ते चपराकीसारखे लागले. चाळीस वर्षे या घरात राहिलेल्या त्या बाई अंधारातही न चुकता वावरत, त्या डोळ्यांच्या बळावर नव्हे; पांढरी भिंत, गडद पट्टा आणि काळपट चौकट यांच्या आधाराने. ज्या पट्ट्याला मी सरकारी म्हणून हिणवले, तो त्यांचा वाटाड्या होता. त्यांचा वाटाड्या मी रंगाखाली गाडला होता.

वृद्ध डोळ्याला काय दिसते?

दुसऱ्या दिवशी मी आईंना माझ्या दवाखान्यात नेले. अक्षरांच्या तक्त्यावर त्यांनी बऱ्यापैकी ओळी वाचल्या, कारण तिथे अक्षर काळेकुट्ट आणि पार्श्वभूमी पांढरीशुभ्र असते. मग मी दुसरा तक्ता लावला. १९८८ साली तयार झालेल्या पेली-रॉबसन तक्त्यात सर्व अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात, मात्र ती क्रमाक्रमाने फिकट होत जातात. त्यावर आई तिसऱ्या ओळीतच थांबल्या. दोन्ही डोळ्यांत पिवळट तपकिरी, पिकलेला मोतीबिंदू होता.

वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि निळा-जांभळा प्रकाश गाळू लागते. बाहुली लहान होते. विशीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर पोचतो. ऐंशीनंतरची गोष्ट निराळी सांगायला नको. यातून दोन गोष्टी घडतात. मंद, राखाडी झाक असलेले रंग मातकट दिसू लागतात आणि जवळपासच्या छटांमधील सीमारेषा पुसट होतात. चित्रकार क्लोद मोने यांनाही मोतीबिंदू झाला होता. त्या काळातील त्यांच्या चित्रांत तपकिरी आणि तांबूस रंगांचे राज्य दिसते. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर सारे जग निळे दिसते, अशी त्यांची तक्रार होती.

म्हणजे आईंनी शेड कार्ड पाहून "सारवणाचा रंग" म्हटले, ती थट्टा नव्हती, लक्षण होते. रोज पन्नास वृद्धांच्या डोळ्यांत प्रकाशझोत टाकणाऱ्या मला माझ्या घरातील लक्षण ओळखता आले नाही. "माझं वाचून होतंय, कशाला चिरफाड?" हे त्यांचे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकून घेतले होते. परक्या रुग्णाचे मी ते ऐकले नसते. डॉक्टरांच्या घरातील रुग्ण रांगेत नेहमी शेवटी असतो, हे वाचक मित्रांना नव्याने सांगायला नको.

दुरुस्ती

रंगारी पुन्हा आले. त्यांनी काही विचारले नाही, मीही काही सांगू शकले नाही. चौकट आणि दार खरवडून मूळचे सागवान वर आणले आणि त्याला गडद पॉलिश केले. भिंतीचा सेज तसाच ठेवला, पण तळाची पट्टी गडद तपकिरी केली. दिव्याच्या बटणांभोवती गडद चौकट बसवली. स्नानगृहातील पांढऱ्या फरश्यांवर धरण्यासाठी गडद रंगाचा दांडा लावला आणि पलंगापासून दारापर्यंत रात्रभर जळणारा, जमिनीलगतचा लहान दिवा बसवला.

या कामाला एक मोजमापही आहे. प्रत्येक छटा किती टक्के प्रकाश परावर्तित करते, याचा आकडा रंगाच्या कंपन्या देतात. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. सेजच्या बहुतेक छटा मधल्या पट्ट्यात येतात. भिंत आणि दार यांच्या या आकड्यांत निदान ३० चा फरक असावा, अशी शिफारस इमारतींच्या सुगम्यतेविषयीच्या ब्रिटिश मानकात आहे. आमच्या त्या खोलीत हा फरक शून्य होता.

आईंचा हात बरा होईपर्यंत गणपती येऊन गेले. त्या वर्षी प्रथमच त्यांच्या हातचे मोदक नव्हते. नवी सून पाऱ्या करीत होती आणि आई डाव्या हाताने तिला कळ्या कशा पाडायच्या ते दाखवत होत्या. दिवाळीनंतर माझ्या एका सहकाऱ्याने त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. स्वकीयांवर मी स्वतः शस्त्र चालवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी काढली, डोळ्यात थेंब घातले आणि त्यांना त्यांच्या खोलीत आणून बसवले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आले होते. त्या बराच वेळ भिंतीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हा तर हिरवा आहे की!"

"हिरवाच होता, आई."

"मग मला आधी का नाही सांगितलंस? वृंदावनातली तुळस थंडीत सुकायला लागली, की अशी दिसते." आणि थोडे थांबून, "बरा आहे. आता बदलू नका."

सेज आणि तुळस एकाच कुळातल्या, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

चार सूचना

वाचकांपैकी कुणी येत्या उन्हाळ्यात रंग काढणार असतील, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. बोटाएवढ्या कार्डावरून सेज निवडू नये. दोन वेगवेगळ्या भिंतींवर निदान दोन फूट लांबीरुंदीचा नमुना लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा. पिवळ्या दिव्याखाली हा रंग मातकट होतो आणि निळसर पांढऱ्या दिव्याखाली राखाडी. भिंतीची ओल आधी बरी करावी, रंग नंतर. भिंत कितीही सौम्य असो, दार, पायरी, कठडा आणि बटण यांनी तिच्याशी विरोध केलाच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खोलीत जो राहणार त्याला नमुन्यासमोर उभे करून विचारावे, "काय दिसते?" आवडते का, हे त्यानंतर विचारावे.

आपण डॉक्टर मंडळी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्याचा उपदेश विद्यार्थ्यांना करतो. घरी आलो, की तोच उपदेश चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. आमच्या घराचे दार आता भिंतीपासून वेगळे दिसते. तेथून आत जाताना तो उपदेश बरोबर नेण्याची आठवण ते मला रोज करून देते.